तिसरी किल्ली

१

दोष आप्पांचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नंतर लोकांनी फार घोळ घातला. कुणी म्हणालं, जागाच वाईट. कुणी म्हणालं, पोराचं डोकं फिरलं. कुणी नशिबाला बोल लावला. नशीब काही दुकानात गल्ल्यावर बसत नव्हतं. तिथे आप्पा बसायचे.

आप्पांचं कुलपांचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. पुढे काउंटर, काउंटरमागे किल्ल्या कापायचं मशीन आणि पडद्याआड मागची खोली. कुलूप विकलं की गिऱ्हाइकाला दोन किल्ल्या मिळत. पण त्या हातात देण्याआधी आप्पा त्याच कुलपाची तिसरी कापून बाजूला ठेवत. मग तिला पत्र्याची चकती, चकतीवर घराचा नंबर, आणि मागच्या खोलीतल्या हिरव्या फळीवर एक खिळा. फळी छतापर्यंत गेली होती. चाळीस वर्षांत अख्खी वस्ती त्या फळीवर येऊन लटकली होती.

"लोक किल्ल्या हरवतात," आप्पा म्हणायचे. "मग येतात रडत. मी नुसता हात वर करतो आणि किल्ली काढून देतो. दुसरा कोण करतो एवढं?"

"पण विचारलंत कुणाला?" त्यांचा धाकटा मुलगा म्हणायचा.

"विचारायचं काय त्यात? मी काय चोर आहे?"

इथे संवाद संपायचा. धाकट्याने कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं, आणि कॉलेज सोडलेल्या माणसाला घरात प्रश्न विचारायचा हक्क नसतो, फक्त उत्तरं द्यायचा असतो. खरं तर त्याला सोडायचं नव्हतं. वर्गात एका सरांना तो म्हणाला होता की तुम्ही वीस वर्षं एकच वही वाचून दाखवताय. सर म्हणाले, माफी माग. आप्पा म्हणाले, माफी माग. त्याने मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात किल्ल्या कापायला बसला. हात मात्र चांगला होता त्याचा. आप्पांपेक्षाही चांगला, आणि हे आप्पांना माहीत होतं म्हणून ते कधी बोलले नाहीत.

२

दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं. शटर खाली, आप्पा घरी, जेवण, मग छातीवर हात ठेवून झोप. चारला दोघं परत यायचे. आप्पा पुढे झाडू मारायचे, धाकटा मागे जाऊन दिवा लावायचा.

एका सोमवारी चार वाजता त्याने फळीवरची एक किल्ली काढली. गिऱ्हाईक पायरीवर थांबलं होतं, किल्ली हरवली होती म्हणून. काढताना त्याचं बोट शेजारच्या किल्लीला लागलं, आणि त्याने हात मागे घेतला.

ती गरम होती.

भाजेल इतकी नाही. खिशातून नुकती काढावी तशी. माणसाच्या हाताची ऊब असते ना, तेवढीच.

त्याने वरची पाहिली, खालची पाहिली. थंडगार पितळ. छपराचा पत्रा तापला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण पत्रा तापला तर तो एका खिळ्यापुरता कसा तापेल? भिंतीमागे बेकरी आहे का? नाही. भिंतीमागे बंद गोदाम, त्यामागे रस्ता. आपलंच बोट गार असेल. हे त्यातल्या त्यात पटण्यासारखं होतं, म्हणून त्याने ते पटवून घेतलं.

मंगळवारी दुसरी किल्ली गरम होती. बुधवारी तिसरीच, पार वरच्या ओळीतली, जिथे स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही.

त्याला पहिला संशय आला तो आप्पांचा. बापावर संशय घ्यायला त्याला जड गेलं नाही. गुरुवारी तो दुपारभर आप्पांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिला. आप्पा दोन तास घोरले. मध्ये एकदा कूस बदलली. आई म्हणाली, "काय रे, बापाची राखण करतोयस?" तो म्हणाला, "हो, पळून जाऊ नये म्हणून." आई हसली. चार वाजता दुकानात एक किल्ली गरम होती.

शुक्रवारी शटर ओढल्यावर त्याने फटीवर कागदाची पट्टी चिकटवली. चारला पट्टी जशीच्या तशी. किल्ली गरम.

आप्पांना त्याने हात धरून मागे नेलं. आप्पांनी ती किल्ली चिमटीत धरली, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी ती खिळ्यावर परत अडकवली.

"उन्हाळा आहे," ते म्हणाले.

३

त्याच आठवड्यात शिवणवाली मावशी दुकानात आली. ती बाजारामागे एकटी राहायची आणि दिवसभर मशीनवर बसायची. तिला आणखी एक लॅच हवं होतं, आतून लावायला जाड कडी हवी होती, आणि साखळीही.

"काय झालं मावशी? चोरी?" धाकट्याने विचारलं.

"चोरी कसली! सुईसुद्धा गेली नाही." तिने आवाज खाली आणला. "मंगळवारी दुपारी मी मशीनवर होते. पाठ दाराकडे. कुलूप उघडल्याचा आवाज आला, दोन वेळा खट्ट खट्ट. आणि कुणीतरी आत येऊन खुर्चीवर बसलं."

"कोण?"

"बघितलं नाही मी."

"बघितलं नाही म्हणजे?"

मावशी ओशाळली. "अरे, कसं सांगू तुला. भीती वाटलीच नाही. आधी वाटलं, की मी नीट बसायला हवं. पाय खाली घेतले. केस सारखे केले. रेडिओ बंद केला. कुणीतरी मोठं माणूस घरात आल्यावर आपण करतो ना, तसं. मान वर करून बघणं बरं दिसणार नाही, असं वाटलं. अर्धा तास मी तशी बसून होते. मग खुर्ची सरकली, दार लागलं. आणि मग मात्र मला असा घाम फुटला म्हणून सांगते!"

मंगळवार. तिच्या घराचा नंबर धाकट्याला पाठ होता. मंगळवारची गरम किल्ली तीच होती.

त्याने मागे मशीनकडे पाहिलं. आप्पा मावशीच्या नव्या लॅचची तिसरी किल्ली कापत होते.

रविवारी वस्तीतल्या लोकांची सभा झाली. अशा तक्रारी आता सात-आठ झाल्या होत्या. सभेत निवृत्त हेडमास्तर बोलले. ते सगळ्याच सभांमध्ये बोलायचे. दार वाजलं की आधी विचारा कोण आहे. साखळी लावूनच दार उघडा. बायकांनी एकटं राहू नये. मुलींनी वेळेत घरी यावं. प्रत्येक वाक्याला पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी माना डोलवत होती, आणि त्यांच्या मधोमध इस्त्रीच्या शर्टात आप्पा बसले होते. हेडमास्तरांनी त्यांच्याकडे हात करून म्हटलं, "आणि कुलूप घ्यायचं तर यांच्याकडूनच घ्या. विश्वासाचा माणूस आहे."

टाळ्या पडल्या. धाकटा मागून उठून म्हणाला, "तुमच्या सगळ्यांच्या घराची एकेक किल्ली यांच्या भिंतीवर आहे. आधी ती मागून घ्या."

माना मागे वळल्या. मग हेडमास्तर हसले. "अरे, ते तर आम्हाला माहीत आहे. म्हणून तर निश्चिंत आहोत. बस खाली."

पुढच्या चार दिवसांत आप्पांच्या दुकानात रांग लागली. एकेका घराने दोन-दोन कुलपं नेली. फळीवर जागा उरली नाही, तेव्हा आप्पांनी शेजारी दुसरी फळी ठोकली.

४

ताईचा नंबर जुन्या फळीवर होता, डोळ्यांच्या उंचीला. चकती धाकट्याच्याच अक्षरात होती.

ताई दवाखान्यात नर्स. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा आप्पा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. ती वेगळी खोली घेते म्हणाली, तेव्हा बोलले ते एवढंच, की दाराला कुलूप माझ्या दुकानातलं लागेल. तिने मान्य केलं. कुलूप धाकट्याने बसवलं, आणि आप्पांनी सांगितलं म्हणून तिसरी किल्लीही त्यानेच कापली आणि अडकवली. तेव्हा त्याने प्रश्न विचारला नव्हता. ही एक गोष्ट तो स्वतःला माफ करत नव्हता.

ताईची या महिन्यात रात्रपाळी होती. सकाळी यायची, आंघोळ करायची, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून चारपर्यंत मेल्यासारखी झोपायची. रोज दुपारी. एकटी.

"ताई, कुलूप बदल. दुसऱ्या बाजारातून आण. दोन्ही किल्ल्या तुझ्याजवळ ठेव," तो तिला म्हणाला.

"का रे? आप्पांचा एवढा राग?"

त्याने सगळं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं, मग त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप नाहीये. वेड्या, आप्पांकडे किल्ली आहे म्हणून तर मला झोप लागते. उद्या मी आत पडले-झडले तर दार कोण उघडणार?"

"मी तोडीन."

"तू तोडच. तुला दुसरं येतं काय?"

पण त्याचा चेहरा बघून ती म्हणाली, सुट्टी मिळाली की बदलू.

त्याने तोवर थांबायचं नाही असं ठरवलं. तिची किल्ली फळीवरून काढून त्याने पँटच्या खिशात टाकली. सकाळी उठला तर खिसा रिकामा. दुकानात किल्ली खिळ्यावर होती.

"मी ठेवली," आप्पा म्हणाले. "तुझ्या खिशातून काढून."

"माझ्या खिशात हात घातलात?"

"मुलाच्या खिशात हात घालायला बापाला अर्ज करावा लागतो काय?" आप्पा शांतपणे म्हणाले. "ती माझ्या मुलीची किल्ली आहे. या घरात कुणाला माझ्यापासून दार लावायचं नाही. तुलाही नाही, तिलाही नाही."

"आप्पा, फळी उतरवा. हात जोडतो."

"माझ्या हयातीत नाही."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. हट्ट होता, पण हट्टाखाली भीतीही होती. त्यांना माहीत होतं. उन्हाळा आहे म्हणाले होते तेव्हाच माहीत होतं. पण फळी उतरवायची म्हणजे चाळीस वर्षं चुकलो असं म्हणायचं, आणि ते आप्पांच्या तोंडून निघण्यापेक्षा वस्तीतला एकेक माणूस खुर्चीवर ताठ बसून मेला असता तरी चाललं असतं.

५

दुसऱ्या दिवशी एक वाजता आप्पा पायरी उतरले. धाकटा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी शटर ओढून येतो." त्याने शटर ओढलं, पण आतून.

मागच्या खोलीत एकच दिवा. फळीलगतच्या कोपऱ्यात ग्राइंडर, दगडी चाकाचा, किल्ल्यांचे काठ घासायला. बाकी दोन फळ्या आणि तो. त्याने स्टूल फळीपुढे ओढलं आणि ताईच्या किल्लीसमोर बसला. हात लावला नाही. खिशाचा अनुभव आलेला होता. या खेपेला त्याला बघायचं होतं की घेतो कोण.

दीड वाजला. बाहेर बाजार पेंगत होता. एक हातगाडी गेली, तिच्या चाकाची करकर लांबपर्यंत ऐकू आली. शटर उन्हाने तडतडत होतं. आपण बावळट आहोत असं त्याला दोनदा वाटलं. तिसऱ्यांदा वाटायच्या आत किल्ल्या हलल्या.

सगळ्या नाही. एका टोकापासून, ओळीने, हळूच. दुकानात आलेला माणूस कपड्यांच्या घड्यांवरून बोटं फिरवत जातो तसं काहीतरी त्या ओळीवरून फिरत गेलं. टिंग, टिंग, टिंग. वारा नव्हता. ते खालच्या ओळीवर आलं. त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. आणि त्याला जाणवलं, की आपण स्टुलावर पाठ ताठ करून बसलोय. पाय जुळवलेत. मान खाली गेली आहे.

मान वर करणं बरं दिसणार नाही.

हे त्याच्या डोक्यात आलं ते त्याच्याच आवाजात. त्याने दात आवळले. ज्या पोराने भर वर्गात मान खाली घातली नव्हती, त्याची मान इथे एका भिंतीपुढे खाली जात होती. त्याने ती वर करायला सुरुवात केली. ओली पोती भरलेली गाडी ढकलावी तेवढा जोर लागला.

वर बघितलं तेव्हा ताईचा खिळा रिकामा होता.

आणि भिंतीच्या आत, जिथे दार नव्हतं, दार कधीच नव्हतं, तिथे एक लॅच फिरलं. खट्ट. खट्ट.

६

फोन लागला. ताईने उचलला. त्याने हाक मारली, तशी ती झोपेत जड झालेल्या आवाजात म्हणाली,

"काय रे? आत आलास ना, मग फोन कशाला करतोस?"

"ताई, मी दुकानात आहे."

तिचा श्वास ऐकू येत होता.

"ताई, पट्टी काढ."

"नको," ती कुजबुजली. "आप्पा आहेत. पायाशी बसलेत. आत्ता खाकरले."

"आप्पा घरी झोपलेत. ते आप्पा नाहीत."

"मी उठून बसते. असं झोपून राहणं..."

"बसू नकोस!" तो ओरडला. "ऐक माझं. केसांना हात लावू नकोस. चादर सारखी करू नकोस. तुला लाज वाटतेय ना? ती तुझी नाहीये. ते बाहेरून येतंय. शिवी दे त्याला."

"शिवी?" ताई रडकुंडीला आली. तिने नवऱ्यालासुद्धा शिवी दिली नव्हती. मार खाऊन बॅग भरली होती, आणि निघताना सासऱ्यांना येते म्हणाली होती.

"ताई, ही तुझी खोली आहे. तू झगडून घेतलीस. तुला न विचारता कुणी आलंय. कुणीही असो. सांग त्याला."

मग तिचा आवाज आला, आधी बारीक. "कोण आहे? कुणाला विचारून आलात तुम्ही?" मग पलंग करकरला आणि आवाज एकदम वर चढला. तसा आवाज त्याने तिचा कधी ऐकला नव्हता. "नीघ! नीघ माझ्या घरातून! चालता हो, मेल्या!" काहीतरी फेकल्याचा, फुटल्याचा आवाज. तांब्या असावा, किंवा घड्याळ. ती ओरडतच होती. शेजारी दार वाजवायला लागले होते.

धाकट्याने फोन स्टुलावर ठेवला आणि फळीला भिडला. गेलंय तसं परत येणार होतं. किल्ली खिळ्यावर ठेवायला येणार होतं. शिस्तीचं होतं ते.

आलं.

किल्ली खिळ्याशी दिसली तशी त्याने तिच्यावर झडप घातली. मूठ आवळली. आणि दुसऱ्या बाजूने कुणीतरी ती सोडेना.

त्याने पाहिलं ते एवढंच. म्हाताऱ्या माणसाची चार बोटं, स्वच्छ, नखं नीट कापलेली. इस्त्री केलेली पांढरी बाही, बटण लावलेलं. मनगटाच्या पुढे हिरवी फळी. त्या हातात जबरदस्ती नव्हती. हक्क होता. लहान मुलाच्या हातातून वस्तू काढून घेताना मोठी माणसं ओढत नाहीत, नुसती धरून थांबतात, तसा तो हात धरून थांबला होता. दे, म्हणून. आणि धाकट्याची बोटं खरोखर सैल व्हायला लागली.

"नाही देत," धाकटा म्हणाला. "काय करशील?"

डाव्या हाताने त्याने ग्राइंडरचं बटण दाबलं. चाक गरगरायला लागलं. तो मागे झुकला, सगळं वजन टाकून, किल्ली, मूठ आणि मुठीला लागलेलं जे काय होतं ते, सगळं एकत्र ओढत चाकापर्यंत नेलं आणि टेकवलं. पितळेचा पिवळा चुरा उडाला. मूठ उघडली तर किल्ली जाणार होती. त्याने मूठ उघडली नाही. चुरा लाल झाला तरी उघडली नाही.

कुणीतरी खाकरलं, अगदी कानाशी, नाराज होऊन.

मग जोर संपला आणि तो जमिनीवर पडला.

त्याने हाताला फडकं गुंडाळलं आणि तो उठला. अजून चार वाजले नव्हते. डाव्या हाताने तो एकेक किल्ली फळीवरून काढत गेला आणि तिचे दात चाकावर घासून सपाट करत गेला. शिवणवाली मावशी. हेडमास्तर. स्वतःचं घर. एकही सोडली नाही.

७

चारला शटर वर गेलं. आप्पा पडद्यातून आत आले. समोर रिकाम्या फळ्या, खाली पितळेचा ढीग, ढिगाशेजारी मुलगा, मुलाच्या कोपरापर्यंत रक्त.

"माझ्या किल्ल्या!" आप्पा म्हणाले.

पहिला शब्द तो. हाताकडे त्यांचं लक्ष गेलं ते नंतर, शेजारच्या दुकानदाराने आरडाओरडा केल्यावर.

ताई दवाखान्यात ड्युटीच्या आधीच आली, त्याच्या खाटेपाशी. तिचा घसा बसला होता. तिने दुसऱ्या बाजारातून कुलूप आणलं होतं, स्वतः स्क्रू पिळून बसवलं होतं. "वाकडं बसलंय," ती म्हणाली. "पण लागतं." कोण होतं ते, हे तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्या दिवसापासून वस्तीत कुणाच्याही खुर्चीवर कुणी येऊन बसलं नाही.

हे कुणी त्याच्या खात्यात मांडलं नाही. सभा झाली. हेडमास्तर म्हणाले, चाळीस वर्षांचा विश्वास एका उर्मट पोराने मातीत घातला. माना डोलल्या. आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हा माझा मुलगा नाही. त्याला एका ओळीचा मार्ग ठेवला होता: चुकलो म्हण. आईने निरोपावर निरोप पाठवले, अरे, म्हणून टाक, शब्दच तर आहेत. तो म्हणाला नाही.

त्याला ते उजव्या हाताची दोन बोटं आणि बापाचं घर एवढ्या किमतीला पडलं. किल्ल्या त्याला आता कापता येत नाहीत.